आजीचं रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये पडून आहे? त्यातून ऐकावीशी गोष्ट कशी घडवायची

गोव्यातल्या कितीतरी घरांत आज आजी-आजोबांची रेकॉर्डिंग्ज आहेत. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मुंबई-पुण्याची मंडळी गावी जमतात, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून होते, दुपारची जेवणं आटोपतात आणि कुणीतरी मोबाइल पुढे ठेवून म्हणतं, "आजी, पाखल्यांच्या (पोर्तुगिजांच्या) वेळचं सांगा ना." दीड-दोन तास बोलणं होतं. फाइल कुटुंबाच्या ग्रुपवर जाते, सगळे हात जोडतात आणि पुढे ती पूर्ण कुणीच ऐकत नाही. यात ऐकणाऱ्यांचा दोष नाही. दोन तासांत मधेच आलेला चहा असतो, फोन असतो, एकच आठवण तीनदा असते. पण त्यातच पाच मिनिटं अशी असतात की ऐकणारा जागचा हलत नाही. ती पाच मिनिटं शोधून त्यांना फोटो, कागदपत्रं आणि घरातले आवाज यांची जोड कशी द्यायची, ते इथे क्रमाने सांगतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका. आजीचं सगळं आयुष्य एका व्हिडिओत मांडायचा प्रयत्न करू नका. जन्म, शाळा, लग्न, मुलं, मुक्ती, नोकरी अशी यादी झाली की ती कुणाच्याही आजीची होते. एका प्रसंगाची, चार ते सहा मिनिटांची गोष्ट करा. एका रेकॉर्डिंगमधून अशा चार-पाच गोष्टी वेगवेगळ्या निघू शकतात, आणि त्या वर्षभरात एकेक करून करता येतात.

पहिलं काम: मूळ फाइल सुरक्षित करा

व्हॉट्सॲपवर आलेली प्रत मूळ समजू नका. ज्याच्या फोनवर रेकॉर्डिंग झालं त्याच्याकडून फाइल केबलने किंवा ड्राइव्हवरून घ्या. व्हॉट्सॲपवरूनच घ्यावी लागली तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे ती आहे तशी येते. मग तीन प्रती करा: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर. मूळ फाइलला हात लावायचा नाही, काटछाट नेहमी प्रतीवर. फाइलच्या नावात तारीख, गाव आणि नातं घाला. 'रेकॉर्डिंग नवीन २' या नावावरून पाच वर्षांनी कुणाला काही कळणार नाही.

रेकॉर्डिंग अजून व्हायचं असेल तर वेव्ह फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर करा. एका मायक्रोफोनचं तासभराचं रेकॉर्डिंग अर्धा जीबीच्या आसपास जातं, आजच्या फोनला ते जड नाही. साध्या फोनवर झालेलं जुनं रेकॉर्डिंग वेव्हमध्ये बदलल्याने सुधारत नाही, पण त्याने बिघडतही नाही. त्यामुळे असेल ते घेऊन पुढे चला.

जुन्या कॅसेट असतील तर गोव्यातल्या हवेचा विचार आधी करा. पावसाळ्यात कपाटातल्या कॅसेटला पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट तशीच डेकमध्ये घालू नका. फीत चिकटून तुटते आणि बुरशी डेकच्या हेडवरून पुढच्या कॅसेटला लागते. ती जाणकाराकडून साफ करून घ्या. बाकीच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि डेकच्या लाइन-आउटमधून केबलने लॅपटॉपमध्ये उतरवा. स्पीकरसमोर फोन धरून केलेली प्रत कामाला येत नाही.

दुसरं काम: ऐकणं आणि लिहून काढणं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि लोक नेमकं हेच टाळतात. एक तासाचं बोलणं शब्दशः उतरवायला चार ते सहा तास लागतात. म्हणून आधी हेडफोन लावून सगळं एकदा सलग ऐका आणि एका वहीत फक्त वेळ आणि विषय टिपा: '०:१२:४० शाळा, मास्तर', '०:३१:०५ फेरीबोट', '०:४७:२० घर मोडलं'. जिथे तुमच्या स्वतःच्या अंगावर काटा आला किंवा हसू फुटलं तिथे फुली मारा. दुसऱ्यांदा ऐकताना फुल्यांच्या आजूबाजूची दहा-दहा मिनिटंच शब्दशः उतरवा.

संगणकाची मदत घेता येते. व्हिस्परसारखी मोफत साधनं मराठी बऱ्यापैकी उतरवतात. पण आपल्या आज्या शुद्ध मराठीत बोलत नाहीत. पत्र, पोथी आणि शाळा मराठीत, घरातलं बोलणं कोंकणीत आणि सरकारदरबारचे शब्द पोर्तुगीज. व्हिस्परला कोंकणी येत नाही, त्यामुळे तो कोंकणी वाक्याचं भलतंच मराठी करून ठेवतो आणि ते वाचायला सरळ वाटत असल्याने चूक लक्षातही येत नाही. यंत्राने उतरवलेली प्रत्येक ओळ आवाजाशी ताडून पाहा. शक्य असेल तर हे काम आजीच्या पिढीतल्या कुणाबरोबर तरी बसून करा. आडनावं, शेताची नावं आणि वाड्यांची नावं त्यांनाच कळतात.

तिसरं काम: गोष्ट कुठे आहे ते ओळखणं

चांगल्या गोष्टीत सहसा एक वस्तू असते, एक बदल असतो आणि एक वाक्य असतं जे दुसऱ्या कुणी म्हटलंच नसतं. उदाहरणासाठी रचलेला एक उतारा घेऊ. समजा आजी कुर्डीच्या आहेत. सांगे तालुक्यातलं हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं, गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचं गाव. ऐंशीच्या दशकात पाणी चढलं, त्याआधी तिथल्या कुटुंबांना वाडे आणि वालकिणी या ठिकाणी हलवण्यात आलं. आता मे महिन्यात पाणी ओसरलं की गाव उघडं पडतं आणि माणसं तिथे जातात. आजी बोलत आहेत:

"तेव्हा सगळ्यांना जायचंच होतं. सरकारने सांगितलं होतं. खूप वाईट वाटलं. काय करणार, सगळ्यांसाठी पाणी पाहिजे ना. तुझी मावशी तेव्हा लहान होती, ती रडायची. मग घर मोडलं. नळे एकेक करून उतरवले. तुझो आजो मेजतालो. ट्रकातून नेले वाडेला. एकही फुटला नाही हो. पण नवं घर लहान. नळे उरले. (थांबतात) न्हाणीच्या मागे रचून ठेवले आहेत. अजून आहेत. पावसात शेवाळ धरतं, तुझो आजो पुसून काढायचा."

पहिली चार वाक्यं खरी आहेत, पण विस्थापित झालेला कुणीही ती बोलेल. गोष्ट 'नळे एकेक करून उतरवले' इथे सुरू होते. मोजून नेलेली कौलं शाबूत पोचली आणि घरावर मावली नाहीत, एवढ्यात जुनं घर केवढं होतं, नवं केवढं आणि आजोबांना काय वाटत होतं ते सगळं आलं. 'खूप वाईट वाटलं' हे वाक्य काढा, त्याची गरज उरलेली नाही. धरणाची माहिती आजींच्या तोंडून घ्यायची गरज नाही, ती सुरुवातीला पडद्यावर दोन ओळींत येऊ शकते.

आता कागदावर संकलन करा. उतरवलेले परिच्छेद छापा, कात्रीने वेगळे करा आणि टेबलावर मांडा. प्रत्येक पट्टीवर वेळ लिहिलेली असू द्या. वयस्कर माणसं मिनिटाला साधारण शंभर शब्द बोलतात, म्हणजे पाच मिनिटांच्या गोष्टीला पाचशे शब्द पुरतात. क्रम बदलायला हरकत नाही. आजींनी शेवटी सांगितलेलं सुरुवातीला घेता येतं. मात्र एका प्रसंगातलं अर्धं वाक्य दुसऱ्या प्रसंगाला जोडून त्या कधीच न बोललेला अर्थ तयार करायचा नाही. यात थोडीही सूट घेऊ नये असं मला ठामपणे वाटतं. हा आवाज उद्या त्यांच्या पणतवंडांसाठी पुरावा असणार आहे.

चौथं काम: परत जाऊन विचारणं आणि तपासणं

कागद मांडल्यावर मधली भोकं दिसतात. कौलं किती होती? ट्रक कुणाचा? नव्या घरात पहिल्या रात्री कुठे झोपलात? हे तीन-चार प्रश्न घेऊन परत जा. 'तेव्हा कसं वाटलं?' असं विचारलं की उत्तर ठरावीक येतं. 'तेव्हा चूल कुठे मांडली?' विचारलं की माणूस त्या घरात जाऊन पोचतो.

वर्षांचा घोळ प्रत्येक आठवणीत असतो. आजींना साल विचारून उपयोग नाही, घटनेशी जोडून विचारा. गोव्यात अशा खुणा पुष्कळ आहेत: लोहियांची मडगावची १८ जून १९४६ ची सभा, १९५५ च्या सत्याग्रहानंतर भारताने केलेली आर्थिक नाकेबंदी, १९ डिसेंबर १९६१ ची मुक्ती, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल, ५ जुलै १९८६ ला कोसळलेला मांडवीवरचा पूल, ३० मे १९८७ चं घटक राज्य. "पूल पडला त्याच्या आधी की नंतर?" या प्रश्नाला अचूक उत्तर येतं, कारण त्यानंतर पणजीला जायला फेरीबोटीची रांग लावावी लागली हे त्या पिढीच्या अंगात आहे.

आजींनी सांगितलेलं साल चुकलं तर त्यांचा आवाज कापू नका. बरोबर तारीख पडद्यावर छोट्या अक्षरांत द्या. पडताळणीसाठी पणजीत पाटोला कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ पासूनचं. तिथे जुनी वर्तमानपत्रं पाहता येतात. पोर्तुगीजकालीन कागदपत्रांसाठी राज्याच्या पुराभिलेख खात्याकडे विचारणा करा.

याच फेरीत घरातले आवाज गोळा करा. हे काम लोक विसरतात आणि मग बाजारातलं बासरीचं संगीत लावून मोकळे होतात. पहाटे पाव विकायला येणाऱ्या पोदेराची पोंपों, विहिरीचा रहाट, अडकित्त्यात कातरली जाणारी सुपारी, देवळातला चौघडा, कौलांवरचा पाऊस. प्रत्येकी एक मिनिट, फोन हातात न धरता टेकवून ठेवून. आणि ज्या खोलीत मुलाखत झाली तिथलीच, सगळ्यांनी गप्प बसून, एक मिनिटाची शांतता. संकलनात दोन वाक्यं जोडताना मधे ही शांतता घातली नाही तर प्रत्येक जोड कानाला कळतो.

मुलाखतच परत घ्यायची असेल तर जून-जुलै टाळा. पत्र्यावरचा पाऊस आजींच्या आवाजावर चढला की कुठलंही सॉफ्टवेअर तो नीट वेगळा काढू शकत नाही. पंखा बंद, फ्रिज तेवढा वेळ बंद, आणि कॉलरला लावायचा साधा मायक्रोफोन. पडदे आणि गादी असलेली निजण्याची खोली दिवाणखान्यापेक्षा नेहमी बरी.

पाचवं काम: फोटो आणि कागद

आल्बममधले फोटो ओढून काढू नका. चिकट पानांच्या आल्बममधला फोटो निघताना फाटतो, तो पानासकट स्कॅन करा. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. एवढ्यावर फुल एचडी व्हिडिओत एका चेहऱ्यापर्यंत जवळ जाता येतं. पासपोर्ट आकाराच्या फोटोला १२०० लावा. स्कॅनर नसेल तर फोटो खिडकीजवळ सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून, फोन बरोबर वरून धरून काढा. मागची बाजूही घ्या. स्टुडिओचा शिक्का, तारीख आणि कुणाच्या तरी हातचं नाव तिथेच सापडतं.

फोटोच कमी असतील तर नाराज होऊ नका. पोर्तुगीज काळातलं ओळखपत्र, एस्कुदोची नाणी, मुंबईहून आलेलं अंतर्देशीय पत्र, पंचांगाच्या समासात लिहिलेला हिशेब, मराठी शाळेचा दाखला, हे सगळं पडद्यावर फार बोलकं असतं. आणि वस्तू अजून असेल तर तिचंच चित्रण करा. वरच्या उदाहरणात न्हाणीमागच्या शेवाळलेल्या कौलांचा तीस सेकंदांचा स्थिर शॉट हा सगळ्या आल्बमपेक्षा मोलाचा आहे.

जुन्या फोटोंना संगणकाने रंग देण्याची किंवा चेहरे हलते करण्याची सोय आता सहज मिळते. मी ती वापरू नये असंच सांगेन. आजोबांच्या कोटाचा रंग यंत्र अंदाजाने ठरवतं आणि पुढची पिढी तोच खरा मानते.

सहावं काम: आधी आवाजाचं संकलन, मग चित्र

आवाजासाठी ऑडॅसिटी मोफत आहे आणि पुरेसं आहे. कागदावरच्या क्रमाने तुकडे लावा. ८० हर्ट्झखालची घरघर हाय-पास फिल्टरने काढा. नॉइज रिडक्शन सहा ते नऊ डेसिबलपर्यंतच ठेवा, जास्त केलं की आवाज टिनाच्या डब्यातून आल्यासारखा होतो. शेवटी लाउडनेस उणे १६ एलयूएफएसवर (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आणा, म्हणजे फोनवर ऐकतानाही आवाज पुरेसा मोठा येतो.

विराम सांभाळा. नवखा माणूस 'अं', 'म्हणजे' आणि सगळ्या शांत जागा काढून टाकतो आणि आजी बातम्या देत असल्यासारख्या वाटू लागतात. 'नळे उरले' नंतरची ती थांबलेली जागा चार सेकंदांची असेल तर चारही सेकंद ठेवा. काढायचं ते पुन्हा पुन्हा आलेलं, तुमचं मधलं 'हो हो' आणि चहाच्या कपांचा आवाज.

आता डोळे मिटून ही पाच मिनिटं ऐका. चित्राशिवाय गोष्ट कळत नसेल तर व्हिडिओकडे जाऊ नका, परत कागदावर या.

व्हिडिओसाठी दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती किंवा केडेनलाइव्ह वापरा. आवाजाची पट्टी खाली टाका, कुलूप लावा आणि चित्रं त्यावर बसवा. पाच मिनिटांना दर सात सेकंदांनी एक धरले तर चाळीसहून अधिक फोटो लागतात आणि तेवढे चांगले फोटो कुणाच्याच घरात नसतात. म्हणून एकच फोटो पंधरा सेकंद ठेवा, हळूहळू आत जा किंवा आधी फक्त हात दाखवा आणि मग पूर्ण फोटो. आजी 'कौल' म्हणाल्या त्याच क्षणी कौल दाखवू नका. दोन वाक्यं आधी दाखवलं की प्रेक्षक विचार करतो, नंतर दाखवलं की त्याला उलगडा होतो. मुलाखतीचा व्हिडिओ असेल तर चेहरा दोन-तीनदाच आणा, जिथे त्यांचे डोळे काही सांगत असतात तिथे.

संगीत लागलंच तर घरातलं. आजी धालो (बायकांचा लोकनृत्य-गीतप्रकार) किंवा फुगडीचं गाणं म्हणत असतील, कुणी पेटी वाजवत असेल, ते रेकॉर्ड करा. जुन्या नाट्यगीतांच्या तबकड्या लावायचा मोह होतो, पण भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो आणि गीत-संगीताचे हक्क वेगळे असतात.

सबटायटल्स जरूर द्या, पुण्यात वाढलेल्या नातवाला कोंकणी पूर्ण कळत नाही. एका वेळी दोनच ओळी, ओळीला पस्तीस-चाळीस अक्षरं. आजींचं बोलणं पुस्तकी मराठीत बदलू नका. 'तुझो आजो मेजतालो' हे 'तुझे आजोबा मोजत होते' असं खाली येऊ द्या, पण 'नळे', 'न्हाणी' हे शब्द तसेच ठेवा.

परवानगी, आणि काय बाहेर ठेवायचं

रेकॉर्डिंगच्या वेळी 'हो' म्हणालेल्या आजींनी यूट्यूबला 'हो' म्हटलेलं नसतं. तयार झालेली गोष्ट आधी त्यांनाच दाखवा, मोठ्या आवाजात, फोनऐवजी टीव्हीवर. त्या म्हणाल्या 'हे काढ', तर काढायचं, कितीही चांगलं असलं तरी. पाहताना त्यांना आणखी आठवतं, म्हणून दुसरा फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवा.

आपल्याकडे काही विषय अजून ओले आहेत. भाटकार-मुंडकारांचे (जमीनमालक आणि त्यांच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या कुळांचे) दावे, देवस्थानातले वाद, जनमत कौलाच्या वेळी एकाच घरात पडलेल्या फळ्या. जमिनीबद्दलचं एखादं वाक्य चालू असलेल्या खटल्यात येऊन बसू शकतं. हयात शेजाऱ्याचं नाव घेऊन केलेली तक्रार सार्वजनिक प्रतीत नको. मूळ रेकॉर्डिंगमध्ये ती राहू द्या आणि सोबतच्या चिठ्ठीत लिहा: कुटुंबापुरतं, अमुक वर्षापर्यंत उघडायचं नाही.

पोचवणं आणि जपणं

कुटुंबासाठी यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवून लिंक पाठवणं सगळ्यात सोपं. ज्यांचं नेट कमकुवत आहे त्यांना फक्त आवाजाची एमपीथ्री पाठवा, पाच मिनिटांची पाच-सहा एमबीत बसते. छापील आल्बम करत असाल तर त्या फोटोखाली क्यूआर कोड लावा, पण फक्त क्यूआरवर विसंबू नका. लिंक मरतात.

शेवटी एक फोल्डर करा. त्यात मूळ रेकॉर्डिंग, उतरवलेला मजकूर, स्कॅन, घरातले आवाज, प्रोजेक्टची फाइल, तयार व्हिडिओ, सबटायटल्सची वेगळी फाइल आणि एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये कोण, कुठे, केव्हा, परवानगी कशाची. त्याच्या पुन्हा तीन प्रती. दर चवथीला घर भरलं की हार्ड डिस्क लावून फाइल्स उघडतात का ते पाहा, आणि चार-पाच वर्षांनी डिस्क बदला.